लेझीम कुणी खेळावी?

वेल्हे तालुक्याचं नाव सरकारदरबारी राजगड झालं, स्वागताची रीत मात्र तीच राहिली. कुणी साहेब उद्घाटनाला यायचे असले, की सातवी-आठवीच्या पोरी फेटे बांधून, लेझीम हातात घेऊन उन्हात उभ्या. साहेब उशिरा येणार हे पोरींनाही ठाऊक असतं. भोरातही तेच. हरकत कुणाचीच नाही. ही आपली संस्कृती.

जानेवारी २०२५मध्ये ‘छावा’च्या ट्रेलरमध्ये संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले आणि तीच संस्कृती रातोरात राजाला न शोभणारी ठरली. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी दृश्य कापलं. २०१५ साली ‘पिंगा’ या सिनेमातल्या गाण्यात काशीबाई-मस्तानीला एकत्र नाचवलं म्हणूनही असाच गदारोळ झाला होता.

नियम असा दिसतो: लेझीम प्रजेनं खेळावी, महाराजांसाठी डीजे लावावा. शिवजयंतीला ट्रॅक्टरवर मूर्ती, मागे स्पीकरची भिंत, मध्ये ‘झिंगाट’. पोरांचे हात वर, म्हाताऱ्यांचे कानावर. एवढ्या दणक्यात अस्मिता दुखावली तरी तिचं ओरडणं कुणाला ऐकू जाणार?

लग्नघरात तर आता हळदीच्या आदल्या दिवशी ‘संगीत’ असतं. त्यासाठी पुण्याहून कोरिओग्राफर येतो आणि जन्मभर यात्रेत छबिन्यापुढे नाचलेल्या चुलत्याला सांगतो, ‘‘काका, बीट पकडा. तुम्ही जरा मागच्या रांगेतच थांबा.’’