भाव येऊ दे

राळेगाव, केळापूर, झरीजामणी या पट्ट्यातल्या कुठल्याही बऱ्याशा गावात जा, एक तरी 'बंदूकवाले भाऊसाहेब' सापडतातच. आडनाव देशमुख असो की पाटील, गाव त्यांना बंदुकीवरूनच ओळखतं. बंदूक वडिलांची, बारा बोअरची दुनाळी. परवाना पीकसंरक्षणाचा. हल्ली पीक राखतं झटका मशीनचं कुंपण, आणि रात्री जागलीला जातो सालदार, तोही बॅटरी आणि डबा वाजवायला काठी घेऊन. बंदूक कपाटात. पण भाऊसाहेबांची खरी इस्टेट बंदूक नव्हेच. ती आहे पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीतली उरलेली काडतुसं.

ती उरली त्यात त्यांचा दोष नाही. वडील नागपूरला गेले की परवान्यावर जितकी बसतील तितकी घेऊन येत. दुकानदार परवान्यावर नोंद करी आणि वडील समाधानाने एसटीत बसत. पुढे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शौकाची शिकार आटोपली. आता रानडुक्कर किंवा रोही पिकात घुसला तरी मारायला वनखात्याची लेखी परवानगी लागते. भाऊसाहेबांचा अर्ज टेबलावरून टेबलावर सरकेस्तोवर डुकरांनी हरभरा संपवून शेजारच्या शिवारात तूर धरलेली असते. काडतूस वाचतं. टिपेश्वर अभयारण्य जवळ असल्याने आणखी एक मान पदरी पडला आहे: अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला आपलं नाव वनखात्याकडेही नोंदवावं लागतं. म्हणजे दोन दोन खात्यांच्या दप्तरात भाऊसाहेब शिकारी आहेत.

दर उन्हाळ्यात पेटी ओसरीत येते. जुनं धोतर अंथरून त्यावर काडतुसं मांडली जातात: एलजी एकीकडे, एसजी एकीकडे, बीबी आणि चार नंबर खालच्या रांगेत. खडकीच्या कारखान्यातली 'शक्तिमान' वेगळी, कारण ती "आपल्या सरकारची". जुन्या कागदी काडतुसांचा पावसाळ्यात दगा असतो. ओल धरली की फुगतात आणि नळीत जात नाहीत. म्हणून भाऊसाहेब बंदूक दुमडून एकेक काडतूस सरकवून बघतात, पितळी बूड फडक्याने पुसतात, मग कानाशी धरून हलवतात. आतून काय ऐकू येतं ते त्यांनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. जे नळीत जात नाही तेही पेटीत परत जातं.

वहिनी कुरड्यांची परात घेऊन उभ्या. "अहो, उचला ना तुमचं हे दुकान. विकून टाका एकदाचं!"

"विकू ना. भाव येऊ दे."

"काडतुसाले कोणता भाव येते बाप्पा?"

हे वहिनींनी विचारू नये. 2022 साली कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, तेव्हा भाऊसाहेबांनी आपला आधीच सात हजाराने मोजून दिला होता. पुढच्या हंगामात त्यांनी ती चूक टाळली. पुढची खोली छतापर्यंत भरली आणि दहा हजारांची वाट बघत बसले. घरादाराच्या अंगाला खाज सुटली, पाहुणे ओट्यावरूनच परत जाऊ लागले, भाव मात्र उतरतच गेला. इतकं होऊनही 'थांबलं की भाव येतो' हा सिद्धांत शाबूत आहे. काडतुसांना तर खाजही सुटत नाही.

भाव यायची एक संधी आली होती म्हणतात. अवनी वाघिणीच्या दहशतीत राळेगाव-पांढरकवड्याकडची गावं सांजेलाच दारं लावून घेत होती. माणसं गेली होती, भीती खरी होती. त्या दिवसांत भाऊसाहेब बंदूक मांडीवर घेऊन ओट्यावर बसत, आणि बाया शेतातून परतताना मुद्दाम त्या गल्लीने येत, हेही खरं. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीच्या जंगलात वाघीण मारली गेली, हैदराबादच्या नेमबाजाकडून. भाऊसाहेबांना ते अजून लागून आहे. "हैदराबादहून माणूस आणला. आमी काय मेलो होतो काय?" छऱ्याच्या बंदुकीने वाघाशी खेळायचं नसतं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पण विचारायला तर हवं होतं.

पुण्यात नोकरी करणारा मुलगा दर दिवाळीला कायदा वाचून दाखवतो. शस्त्र कायद्यानुसार स्वतःजवळची काडतुसं विकता येतात. पण घेणाराही परवानेवाला हवा, त्याच्या नावपत्त्यासकट जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं, आणि 45 दिवस थांबायचं. भाऊसाहेब थांबायला कधीच भीत नाहीत. अडतं गिऱ्हाइकावर. बारा बोअरचा परवानेवाला म्हणजे पंचक्रोशीतले दुसरे भाऊसाहेब, आणि त्यांच्या पलंगाखालीही अशीच पेटी. मागे दोघांची एका लग्नात गाठ पडली. पंगत उठेस्तोवर दोघांनी एकमेकांना आपापला माल घ्या म्हणून आग्रह केला आणि दोघेही हात हलवत घरी आले.

"मग ठाण्यात जमा करा," मुलगा म्हणतो.

यावर भाऊसाहेब सुपारी कातरत बसतात. काडतुसं गेली की बंदूक नुसती नळी, आणि बंदूक नुसती नळी झाली की भाऊसाहेब नुसते भाऊसाहेब. हे ते बोलत नाहीत. पण 2024 साली दिसलं. निवडणुकीत कोणाची बंदूक जमा करून घ्यायची हे जिल्ह्याची छाननी समिती ठरवते. लोकसभेला यांना निरोप आला नाही. ज्यांच्यापासून काही धोका नाही अशांत यांचं नाव गेलं होतं. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा नेहरू शर्ट घालून, बंदूक खोळीत घालून ते आपणहून ठाण्यात. "मले काहून नाही बोलावलं?" जमादाराने हसू दाबून पावती फाडली. नोव्हेंबरात विधानसभेला ते पुन्हा न बोलावता हजर. दोन्ही पावत्या आता काडतुसांच्याच पेटीत, डांबरगोळ्यांसोबत आहेत.

तुमच्या घरी अशी वडिलोपार्जित पेटी असेल तर भावाची वाट पाहू नका. आधी परवान्याची मुदत बघा. ती संपलेली असेल तर काडतूस जवळ ठेवणं हाच गुन्हा ठरतो. ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करा आणि पावती घ्या. भाऊसाहेबांना यातलं काही सांगायला जाऊ नका. परवाना त्यांनी मुदतीच्या कितीतरी आधीच नूतनीकरणाला टाकला आहे.