अडीअडचणीचं

आमच्या घरात नवं लोणचं खायची चाल नाही. मे महिन्यात कैऱ्या येतात, फोडी होतात, मोहरी फेसली जाते, बरणीला दादरा बांधला जातो आणि बरणी फडताळात पार मागे जाते. पुढे असते ती गेल्या वर्षीची. ती संपवल्याशिवाय नवीला हात लावायचा नाही, आणि ती संपेपर्यंत पुढच्या कैऱ्या बाजारात आलेल्या असतात. तांदळाचं एक वेळ समजू शकते. नव्या तांदळाचा भात गिच्च होतो, जुनाच बरा. पण कुरडया? त्या तरी ताज्या खाव्यात की नाही? आम्ही कायम एक वर्ष मागचं जेवतो.

माझं माहेर रत्नागिरीकडचं आणि सासर सोलापूर जिल्ह्यातलं. साठवणाची हौस दोन्हीकडे सारखीच, भीती मात्र वेगळी. कोकणात साठवतात ते पाऊस येणार म्हणून, आणि देशावर साठवतात ते पाऊस आलाच नाही तर काय, म्हणून.

पहिली भीती तशी गुणी. ती तारीख सांगून येते आणि तारीख सांगून जाते. आमच्याकडे आगोट भरायची म्हणजे मेअखेरच्या आत भरायची. आमसुलं, आगळ, खारातल्या कैऱ्या, कुळथाचं पीठ, आंबोशी. फणसाच्या आठळ्या मातीत घोळवून कोपऱ्यात. यांत्रिक होड्यांची मासेमारी आता १ जून ते ३१ जुलै बंद असते, पण खवळलेल्या दर्यात पूर्वीही कोणी हौसेनं जात नसे. तेव्हा सोडे, सुकट, बोंबील डब्यात बंद. आणि या सगळ्याच्या आधी सुकी लाकडं, कारण डबे भरलेले आणि चूल धुमसतेय, असं झालं की सगळी आगोट फुकट. हिशोब सरळ: घरात तोंडं किती आणि गणपती कधी. शिवाय ऐन पावसात पाहुणे येत नसत, हा मोठाच दिलासा.

देशावरच्या हिशोबात तोंडं माहीत असतात, पण पाऊस कधी येईल ते कोणालाच माहीत नसतं. म्हणून तिथे पेवं. वाड्याच्या अंगणात जमिनीखाली खड्डा, आत कडबा लावलेला, त्यात पोत्यांनी ज्वारी, आणि तोंड बंद. आत हवा उरत नाही, म्हणून किडा जगत नाही. अर्थात माणूसही जगत नाही. पेव उघडलं की बराच वेळ तसंच ठेवायचं, आधी कंदील सोडून बघायचा, तो विझला तर कोणी उतरायचं नाही, असा दंडक. सासूबाई सांगतात, कडेच्या ज्वारीच्या भाकरीला कुबट वास यायचा. आधी तीच खायची, मधली चांगली ज्वारी नंतर. म्हणजे लोणच्याचा आमचा कायदा कुठून आला, ते मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी उमगलं.

फ्लॅटमध्ये पेव खणता येत नाही, सोसायटी नाही म्हणते. म्हणून सासूबाईंनी पलंगाखालची जागा घेतली, मग माळा, मग माझं कपाट. भरणं सोपं असतं हो. सांभाळणं हाच खरा उद्योग. दर पंधरवड्याला तपासणी होते. गव्हाच्या डब्यात त्या कोपरापर्यंत हात घालतात आणि डोळे मिटून उभ्या राहतात, नाडी बघणाऱ्या वैद्यासारख्या. धान्य आतून उबदार लागलं की निदान पक्कं: सोंडे. मग गच्चीवर चादर. ऊन लागताच काळे सोंडे कडेकडेनं चालू लागतात, अगदी रांगेत, आणि सासूबाई बाजूला बसून त्यांच्याकडे असं बघतात की मला त्या किड्यांची दया येते. मग पाखडणं, मग कडुलिंबाचा सावलीत वाळवलेला पाला, चार बिब्बे, आणि डबा पुन्हा बंद. तूरडाळीला एरंडेल. यातल्या एकाही कामाला आमच्या घरी सुट्टी नाही.

२४ मार्च २०२०ला रात्री टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा आमच्या गल्लीतले लोक पिशव्या घेऊन वाण्याकडे पळाले. मी निवांत होते. म्हटलं, ज्या दिवसासाठी हे सगळं, तो आज उजाडला! दुसऱ्या दिवशी माळ्यावरचा डबा काढायला स्टूल आणलं.

"काय काढतेस?"

"मसूर. अडीअडचणीचे म्हणून ठेवलेत ना तुम्ही?"

"हो, पण ही कसली अडचण? सकाळची दुकानं उघडी आहेत की."

डबा जागचा हलला नाही. मी तोंडाला फडकं बांधून रांगेत उभी राहिले आणि मसूर विकत आणले.

तेव्हा चिडले होते. पण १९७२च्या दुष्काळात सासूबाई नव्या नवरी होत्या. दुष्काळी कामावर खडी फोडलेली माणसं, तिथे वाटलेली सुकडी, रेशनवर आलेली अमेरिकेची लाल मिलो ज्वारी, हे त्यांनी पाहिलंय. त्या यावर फार बोलत नाहीत. एकदाच म्हणाल्या, "मिलोची भाकरी थापताना तुटायची. आणि पेवात शेवटचं पोतं राहिलं ना, की माणसं जेवताना एकमेकांकडे बघत नाहीत." ज्यांनी तळ पाहिलाय, त्यांना डबा उघडायला नको वाटतो. त्यांना भरलेला डबा खाण्यापेक्षा रात्री झोप लागायला जास्त उपयोगी पडतो.

आमच्या चिरंजीवांना हे पटत नाही. त्याच्या फोनवर बोट ठेवलं की दहा मिनिटांत दारात साखर. "आजी, आता दुकानंच आपलं पेव," म्हणतो. आजी म्हणतात, "मग त्यात कंदील सोडून बघितलास का?"

मला विचाराल तर दोघांच्या मधली वाट बरी. जे रोज खातो तेच महिना-दीड महिना पुरेल एवढं घरात असावं. स्वस्त मिळालं म्हणून पाच किलो राजगिरा आणू नये, तो कोणी खात नाही आणि त्याला कीड मात्र वेळेवर लागते. डब्यावर तारीख लिहावी. आणि तूरडाळीला ऊन दाखवायचं असेल तर ते मे महिन्यातच उरका. जूनमध्ये एखादा उघडीपीचा दिवस मिळेल, या भरवशावर राहू नका.