पुण्यतिथीचा ठेका

पाश्चात्त्य देशांत ज्याला ट्रिब्यूट बँड म्हणतात, म्हणजे एखाद्या नामवंताची गाणी मूळ ध्वनिमुद्रिकेबरहुकूम वाजवून दाखवणे हाच ज्याचा व्यवसाय असतो असा वाद्यवृंद, त्याचे महाराष्ट्रातील भावंड ऑर्केस्ट्रा या नावाने फार पूर्वीपासून प्रसिद्ध असून, अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर शहरातही सावेडीच्या माउली सभागृहापासून पुणे रस्त्यावरच्या लॉनपर्यंत त्याचा संचार आढळतो. या वाद्यवृंदात गायकाला टाळ्या मिळतात, निवेदकाला शाल मिळते आणि ड्रमवादकाला सर्वांच्या मागची, पडद्याला टेकलेली, पंखा न पोहोचणारी जागा मिळते. प्रस्तुत विवेचन या तिसऱ्या घटकापुरते मर्यादित आहे.

ड्रमवादकाचे वर्ष चैत्रात सुरू होत नाही. राहुल देव बर्मन १९९४ साली ४ जानेवारीला निवर्तल्यामुळे त्याचा वर्षारंभ त्या तिथीला होतो, ६ फेब्रुवारीला लता मंगेशकरांचा स्मृतिदिन येतो, २७ जूनला पुन्हा बर्मन, या वेळी जयंतीनिमित्त, आणि मग जुलैअखेरीस अशी काही दाटी होते की २५ जुलैला सुधीर फडके यांची जयंती, २९ला त्यांचीच पुण्यतिथी, ३१ला मोहम्मद रफींची पुण्यतिथी व ४ ऑगस्टला किशोरकुमारांची जयंती एवढ्या सुपाऱ्या, म्हणजे कार्यक्रमाची आगाऊ ठरवणूक, त्याला दीड आठवड्यात उरकाव्या लागतात. बाबूजींच्या, म्हणजे फडक्यांच्या, दोन्ही दिवशी त्याला काम जवळजवळ नसते, कारण ‘गीतरामायणा’च्या छप्पन्न गीतांपैकी एकातही ड्रमसेट नाही, तथापि वाद्यवृंद एकसंध दिसावा म्हणून त्याला झब्बा घालून मंजिऱ्यांसह बसवले जाते. ऐन श्रावणाच्या तोंडावर एवढे कार्यक्रम निभावतात याचे श्रेय संयोजकांपेक्षा नगरच्या पर्जन्यछायेला अधिक द्यावे लागेल. दिवंगतांविषयी या वादकाच्या मनात आदर असतोच, पण उत्पन्नही त्यांच्यावरच अवलंबून असल्याने तो आदर इतरांच्या आदरापेक्षा अधिक नियमित असतो.

या व्यवसायातील खरी गुंतागुंत मात्र तिथीची नसून अनुकरणाची आहे. गायकाला रफींचे अनुकरण करायचे असते आणि रफी कोण हे सभागृहातील सर्वांना माहीत असते. ड्रमवादकाला ज्याचे अनुकरण करायचे त्याचे नाव ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर बहुधा छापलेलेच नसे. बर्मन यांच्याकडे फ्रँको वाझ ड्रम्स वाजवत, मारुतीराव कीर तबल्यावर असत, रणजित गजमेर मादल हे नेपाळी तालवाद्य वाजवत आणि अमृतराव काटकर रेसो, म्हणजे खाचा पाडलेल्या नळीवर काडी घासून खरखर काढायचे वाद्य, हाताळत. ही नावे जाणकार सांगतात, तिकीट काढणाऱ्यास ती ठाऊक नसतात. अशा रीतीने एक अनामिक दुसऱ्या अनामिकाला आदरांजली वाहतो आणि बॅनरवर छायाचित्र तिसऱ्याचेच असते. शिवाय मूळ मुद्रणात तालवाद्यांचा एक अख्खा ताफा बसलेला असे, तर नगरच्या रंगमंचावर त्या ताफ्याचे काम ड्रमवादक आणि त्याच्या शेजारचा ‘साइड रिदम’वाला, म्हणजे कोंगो, बोंगो, खुळखुळा आणि मिळेल ते वाजवणारा गृहस्थ, असे दोघे मिळून करतात, त्यांतला दुसरा अनेकदा ऐनवेळी दुसऱ्या सुपारीला गेलेला असतो. ‘यादों की बारात’ (१९७३) या चित्रपटात झीनत अमान गिटार घेऊन जे गाणे म्हणते, त्याच्या आरंभीचा काचेचा किणकिणाट ही याची कसोटी होय. निष्ठावंत वादक तो आवाज खऱ्या ग्लासवरच काढू पाहतो, मात्र घरून आणलेला ग्लास टेम्पोत फुटलेला असल्यास कार्यालयाच्या स्वयंपाकघरातून मागवावा लागतो, तिथे फक्त स्टीलचे पेले असतात आणि स्टीलचा पेला चमच्याने वाजवला की श्रोत्यांना झीनत अमानऐवजी मठ्ठ्याची आठवण होते.

श्रोता हा या शास्त्रातील सर्वांत कठोर परीक्षक. तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसणारे, निवृत्तीनंतर ध्वनिमुद्रिकांचा संग्रह पूर्ण केलेले एक काका प्रत्येक गावी असतातच. दोन कडव्यांच्या मधल्या जागेत मूळ वादकाने जो ‘रोल’ घेतला, म्हणजे ठेका क्षणभर सोडून एका ड्रमवरून दुसऱ्यावर जी धावती भरारी मारली, तिच्यात किती टोले होते हे त्यांना पाठ असते. वादकाने आपल्या मनचा एक टोला वाढवला तर मध्यंतरात ते मागच्या दाराने विंगेत येऊन, वडाप्लेट हातात धरूनच, ती चूक सौम्य शब्दांत निदर्शनास आणतात. सर्व टोले बरोबर पडले तर ते येत नाहीत. काका न येणे हाच या कलेतील सर्वोच्च पुरस्कार होय.

इंग्लंडात या विद्येचा अधिक काटेकोर अभ्यास झालेला दिसतो. १९८० मध्ये स्थापन झालेल्या ‘बूटलेग बीटल्स’सारख्या वाद्यवृंदांत केसांच्या टोपापासून सुटाच्या बटनांपर्यंत सारे मूळ बीटल्ससारखे असते, परंतु ड्रमवादकाची अडचण केसांनी सुटत नाही. मूळचा रिंगो स्टार डावखुरा असूनही उजव्या हाताच्या माणसासाठी मांडलेल्या ड्रमसेटवर वाजवत असे, त्यामुळे त्याच्या भराऱ्यांत एक अडखळ येई आणि ती अडखळच पुढे त्याची शैली म्हणून नावाजली गेली. आता जगभरचे उजवे वादक वर्षानुवर्षे सराव करून ती अडखळ कमावतात. जून १९६४ मध्ये रिंगो आजारी पडल्यावर जिमी निकोल या वादकाने सुमारे दहा दिवस खुद्द बीटल्समध्येच त्याची जागा घेतली होती, तेव्हा बदली वादकाचा इतिहास खुद्द मूळ वाद्यवृंदाइतकाच जुना ठरतो. नगरला टोप लावण्याची प्रथा नाही. इथे चमकीचा कोट पुरतो.

नगरच्या वादकाला या आंतरराष्ट्रीय परंपरेशी नाते सांगण्यासाठी दूर जावे लागत नाही. शहराच्या दक्षिणेस दौंड रस्त्यावर अरणगावजवळ मेहेराबाद आहे, जिथे मेहेरबाबांची समाधी आहे. १० जुलै १९२५ रोजी मौन धारण करून ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत ते न मोडणाऱ्या या सत्पुरुषाचे एक भक्त म्हणजे ‘द हू’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचे पीट टाउनशेंड. १९७१ सालच्या त्यांच्या ‘बाबा ओ’रायली’ या गीताच्या नावातील बाबा ते हेच. याच वाद्यवृंदाची १९७६ मध्ये जगातील सर्वांत मोठ्या आवाजाचा म्हणून गिनेस बुकात १२६ डेसिबलसह नोंद झाली, हा गुरु-शिष्यांमधील मतभेद म्हणावा की श्रमविभागणी, हे ठरवणे कठीण आहे. त्यांचा ड्रमवादक कीथ मून हा कोणाच्याही आवरात न येणारा म्हणून ख्यात होता, परंतु आधीच मुद्रित केलेल्या यंत्रस्वरांबरोबर वाजवायची गाणी आली की त्यालाही कानांवर हेडफोन चढवून निमूटपणे यंत्राच्या लयीत चालावे लागे. आज नगरमध्ये हेच चित्र दिसते: निम्मे संगीत ‘ट्रॅक’वर, म्हणजे आधी तयार केलेल्या मुद्रणावर, वाजत असते, ड्रमवादकाच्या कानात ठोके देणारी ‘क्लिक’ टिकटिकत असते आणि गायक भावनेच्या भरात कडवे लांबवतो तेव्हा यंत्र एकीकडे, गायक दुसरीकडे व वादक मधल्यामध्ये अशी त्याची अवस्था होते. यातही १९८५ मध्ये रोलँड या जपानी कंपनीने बाजारात आणलेल्या ऑक्टोपॅडने, म्हणजे आठ रबरी चौकोनांवर काठी आपटताच हवे ते तालवाद्य ऐकवणाऱ्या पेटीने, पुष्कळांचे ड्रमसेट माळ्यावर चढवले. उरल्यासुरल्यांच्या पोटावर कराओके आले, कारण त्यात ड्रमवादक कधी उशिरा येत नाही, बिदागी मागत नाही आणि जेवतही नाही.

तरीही प्रत्येक कार्यक्रमात एक स्थान केवळ ड्रमवादकासाठी राखून ठेवलेले असते, ते म्हणजे सोलो. इतर सर्व वाद्ये थांबवून त्याने एकट्याने तीन-चार मिनिटे आपले कौशल्य दाखवावे अशी ती योजना असून, रंगत टिकावी म्हणून तो शेवटून दुसरा ठेवतात. कार्यक्रमपत्रिकेवर वेळ सायंकाळी सहाची छापलेली असते, दीपप्रज्वलन सातला होते, पाहुण्यांची भाषणे पाऊण तास चालतात आणि निवेदक प्रत्येक गाण्याआधी गाण्याहून लांब आठवण सांगतो. दुसरीकडे, ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिवर्धक बंद करावा लागतो, आणि वर्षातील ज्या मोजक्या दिवशी शासन ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते ते गणपती-नवरात्रासारख्या उत्सवांसाठी असतात, पुण्यतिथ्यांसाठी नव्हे. परिणामी लॉनवरच्या कार्यक्रमात पावणेदहाला साउंडवाला मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवतो, सोलो वगळून थेट अखेरचे गाणे घेतले जाते आणि आभारप्रदर्शनात ड्रमवादकाचे नाव, तेही आदल्या वर्षीच्या वादकाचे, उच्चारले जाते. काही संयोजकांनी यावर उपाय म्हणून आता सोलो मध्यंतराच्या अगदी आधी ठेवण्यास प्रारंभ केला आहे. बटाटेवड्यांची घोषणा मात्र त्याच्याही आधी होते.