घेऊन जा, पण...

सोसायटी पुनर्विकासाला गेली, करारावर सह्या झाल्या, बिल्डरने भाड्याचे पहिले धनादेश वाटले आणि घरं रिकामी करण्याची तारीख नोटीस बोर्डावर लागली, की इमारतीत एक अण्णा तयार होतात. त्याआधी ते साधे सभासद असतात. मेंटेनन्स वेळेवर भरतात, पंप बंद करायला विसरलेल्या वॉचमनला झापतात, एवढंच. पण पस्तीस वर्षांचं सामान दोन महिन्यांत हलवायचंय आणि भाड्याचं घर आत्ताच्या घरापेक्षा एका खोलीने लहान आहे, हे ध्यानात आलं की त्यांच्यातला दाता जागा होतो. कोथरूडपासून मुलुंडपर्यंत, जिथे म्हणून जुन्या इमारती पाडायला निघाल्या आहेत, तिथे हे गृहस्थ तुम्हाला भेटतील. आमच्या इमारतीतले पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आहेत. हाताशी आहेत, म्हणून त्यांचंच सांगतो.

अण्णांना सामान विकायचं नसतं, हे आधी समजून घ्या. विकणं त्यांना हलकं वाटतं आणि टाकणं पाप वाटतं. त्यांना द्यायचं असतं. त्यासाठी त्यांनी जिन्यातल्या बोर्डावर स्वहस्ताक्षरात सूचना लावली :

‘योग्य व्यक्तीस विनामूल्य देणे आहे. सागवानी कपाट एक (वडिलार्जित). डबलबेड एक (अत्यंत मजबूत). सोफा तीन अधिक एक अधिक एक (गाद्या २००४ साली बदललेल्या). शोकेस एक. कॉम्प्युटर टेबल एक. आरामखुर्ची एक (कापड नाही). पाहण्याची वेळ सकाळी साडेनऊ ते साडेदहा. वाहतूक स्वखर्चाने. वस्तूंचा पुढे व्यापार करणाऱ्यांनी येण्याचे कष्ट घेऊ नयेत.’

खाली सही, तारीख, फ्लॅट क्रमांक. ‘योग्य’ या शब्दाखाली दोन रेघा. त्या दोन रेघांनी पुढे सगळा घोळ केला.

पहिल्या मजल्यावर भाड्याने राहणारा आयटीतला एक मुलगा बायकोला घेऊन कपाट बघायला गेला. मी साक्षीला होतो. म्हणजे सोफा माझ्या गळ्यात घालायचा म्हणून मला आधीच बोलावून ठेवलं होतं. अण्णांनी दोघांना बसवलं, पाणी दिलं आणि चौकशी सुरू केली. गाव कुठलं, घर स्वतःचं का, लहान मूल आहे का, असल्यास ते स्टिकर चिकटवतं का. “भाड्याने राहता? म्हणजे अकरा महिने झाले की पुन्हा हलवणार. या कपाटाला असं दर वर्षी हलवलेलं चालणार नाही.” मुलगा म्हणाला, आम्ही जपून नेऊ. मग अण्णांनी कपाट उघडलं.

हे कपाट त्यांच्या वडिलांचं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि नारायण पेठेतल्या त्यांच्या घरात पाणी शिरलं. घर पडलं, कपाट राहिलं. सागात जात्याच तेल असतं, त्यामुळे तो पाण्याला आणि वाळवीला सहसा दाद देत नाही. डाव्या दाराच्या आतल्या अंगाला, छातीच्या उंचीवर, एक आडवी तपकिरी रेघ आहे. तिच्या खाली लाकूड काळपट, वर पिवळसर. अण्णा त्या रेघेवर बोट ठेवतात आणि म्हणतात, “पाणी इथवर.” मग गप्प होतात. या जागी बघणाऱ्याने काहीतरी म्हणायचं असतं. आजवर येणाऱ्या प्रत्येकाने ‘बाप रे’, निदान ‘अरेरे’ म्हटलेलं आहे. हा मुलगा जरा वाकला, रेघ नीट निरखली आणि म्हणाला, “पॉलिश केलं की जाईल ते, काका.”

तिथेच संपलं. पावणेदहालाच भेटीची वेळ संपल्याचं अण्णांनी जाहीर केलं.

ज्या खात्याने धरणं बांधली त्या खात्यात उभी हयात नोकरी केलेला माणूस घरात धरण फुटल्याची खूण जपून ठेवतो, यातली गंमत अण्णांच्या लक्षात येत नाही आणि ती त्यांच्या लक्षात आणून देण्याची कोणाची छाती नाही. पुनर्विकासाला हरकत घेणाऱ्यांतले ते नव्हेत, हेही सांगायला हवं. सभेत पहिला हात त्यांचा वर गेला होता. २०१९ च्या सरकारी निर्णयाप्रमाणे इमारत पाडायला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. कपाट दाराबाहेर काढायला मात्र शंभर टक्के लागत होती आणि त्या सभेचे अण्णा एकटेच सभासद.

मग नातेवाइकांची पाळी आली. वाकडच्या पुतण्याला फोन झाला, सातारच्या मेहुण्याला झाला. बंगळुरूच्या मुलाला व्हिडिओ कॉलवर शोकेस चारही बाजूंनी दाखवून झाली, त्यात निम्मा वेळ त्याला अण्णांचा अंगठाच दिसत होता. सगळ्यांचं उत्तर जवळजवळ एकच. “अण्णा, आता असं लाकूड कुठे मिळतंय?” “काय काम आहे हो, बघत राहावं असं.” “हे कोणाला देऊ नका बरं का, ठेवा तुम्हीच.” अण्णा फोन ठेवून काकूंकडे अभिमानाने बघायचे. काकू काहीच बोलायच्या नाहीत. त्यांना एव्हाना कळलं होतं, आणि मीही हे अनुभवाने सांगतो, की जो वस्तूची स्तुती करतो तो ती नेत नाही. ज्याला खरोखर न्यायची असते तो नावं ठेवतो. अण्णांची सगळी पंचाईत एवढ्यातच होती. स्तुती करणाऱ्याला ते योग्य व्यक्ती समजत आणि नावं ठेवणाऱ्याला दारातून परत पाठवत. त्यामुळे रोज दोन-चार माणसं येऊन जायची आणि सामान तसूभर हलायचं नाही.

डबलबेड त्यांनी मोठ्या मनाने कामाच्या मावशींना देऊ केला. मावशी फरशी पुसता पुसता थांबल्या. “काका, खोली माझी दहा बाय बाराची. हा बेड ठेवला तर आम्ही पाच माणसं काय त्याच्या खाली झोपायची?” अण्णांना वाईट वाटलं, पण वाटलं ते मावशींनी देणगी नाकारल्याचं. आपल्या तीन खोल्यांत जे मावत नाही ते मावशींच्या एका खोलीत सहज मावेल, ही आपल्या मध्यमवर्गाची फार जुनी समजूत आहे. फुटका मिक्सर, पट्टा तुटलेली बॅग, तीन पायांचं स्टूल, सगळं आपण गरिबांच्या नावाने बाजूला काढतो आणि त्यांनी नेलं नाही की ‘हल्ली यांचेही नखरे वाढलेत’ म्हणून मोकळे होतो.

संस्थांकडेही जाऊन झालं. वाचनालयाच्या चिटणिसांनी जागेअभावी नम्रपणे नकार दिला आणि सोबत देणगीचं पावतीपुस्तक पुढे केलं. एका वृद्धाश्रमाच्या बाईंनी विचारलं, असे एकसारखे वीस पलंग आहेत का? एकच असेल तर त्यावरून भांडणं होतात. अण्णा त्यांच्यावर चार दिवस रागावून होते, पण मला त्या बाई फार शहाण्या वाटल्या.

शेवटी काकूंनीच जुन्या बाजारातला माणूस बोलावला. पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो. पुण्यात हे कोणाला खटकत नाही. माणूस आला तो बाजार नसलेल्या दिवशी, साडेदहा वाजून गेल्यावर, म्हणजे दोन्ही अर्थांनी वेळ चुकवून. पानाचा तोबरा, कानावर पेन्सिल. सोफ्याकडे त्याने नुसतं पाहिलं. शोकेसच्या काचेवर टिचकी मारली. कपाटापाशी मात्र उकिडवा बसला, खिशातून किल्ली काढली, मागच्या पायाच्या तळाशी, जिथे पॉलिश पोचत नाही तिथे, खरवडलं आणि तो भुसा बोटांवर घेऊन हुंगला.

“साग हाय,” तो म्हणाला. “पण मागची फळी बदललेली. बिजागऱ्या नव्या. डाव्या दाराला पाणी लागलंय.”

“पाणी लागलंय म्हणजे?” अण्णा कडाडले. “पानशेतचं पाणी आहे ते!”

“आसंल की. पाणी कुठलं बी आसू द्या, भाव त्योच.”

इथवर आलेल्या सगळ्या माणसांत कपाट खऱ्या अर्थाने पाहिलेला हा पहिलाच. मागची फळी १९६१ च्या दिवाळीत बदलली होती, ही गोष्ट अण्णांनी स्वतःहून कधी कोणाला सांगितलेली नव्हती. त्याने आकडाही बरा सांगितला. पण व्यापार करणारा आणि वर नावं ठेवणारा, म्हणजे सूचनेतल्या अटी त्याने एका दमात मोडल्या होत्या. अण्णांनी त्याला बेडकडे वळवलं.

बेडची कथा वेगळी. १९९१ साली अण्णांनी प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेऊन घरात सुतार बसवला आणि त्याच्याकडून प्लायवुडचा, वरून सनमायका लावलेला, पोटात गाद्या मावतील असा बेड करून घेतला. त्या काळी आळीतली माणसं तो बघायला येत. सुताराने तो बेडरूममध्येच घडवला, बेडरूममध्येच चिकटवला आणि त्या बेडरूमच्या दारातून तो कोणत्याही कोनात बाहेर पडत नाही, हे पुढे कितीतरी वर्षांनी, भिंती रंगवताना कळलं. जुन्या बाजारवाल्याने बेडवर थाप मारली. “प्लाय हाय. हे न्यायाचं तर तुमीच मला पैशे द्या.”

त्याचं बरोबर होतं. सागाचं कपाट खाचेत खाच घालून, पाचर मारून उभं केलेलं असतं. पाचर काढली की फळ्या सुट्या होतात, रंधा मारला की लाकूड पुन्हा नवं. प्लायचं तसं नसतं. एकदा उपसलेला स्क्रू त्याच भोकात दुसऱ्यांदा धरत नाही, कडेने थर सुटतात, सनमायका निघताना टवके घेऊन निघतो. म्हणजे ज्या वस्तूसाठी सर्वांत जास्त पैसे मोजले, जिच्यासाठी सहा महिने पगारातून कापून गेले, तीच घालवायला आज वरून पैसे मोजायचे. अण्णा त्या दिवशी जेवताना एकदाच बोलले, “मीठ कमी आहे.”

पण अण्णांचा खरा पराक्रम शेवटच्या पंधरवड्यातला. तोवर बी विंगमधली मंडळी शहाणी झाली होती. त्यांनी द्यायचा विचार सोडून सामान सरळ फाटकाजवळ नेऊन ठेवायला सुरुवात केली. संध्याकाळी फिरून येताना अण्णांना ते दिसायचं. एका संध्याकाळी ते वेताची खुर्ची घेऊन वर आले. “नुसता वेत उसवलाय, बाकी शाबूत आहे. कोणीतरी नेईल.” मग तिची जोडीची आली. मग टीपॉय. मग एक देव्हारा, कारण देव्हारा असा रस्त्यावर ठेवणं बरं दिसत नाही. सूचनेच्या खाली पुरवणी लागली. लोकांची घरं ओस पडत चालली आणि अण्णांच्या हॉलमध्ये आडवं चालावं लागू लागलं. काकू म्हणाल्या, “बिल्डरला सांगा, आमचा ब्लॉक शेवटी पाडा. इथे गोदाम आहे.”

त्या बोलल्या तेवढंच, पण त्यांनी केलं पुष्कळ. दुपारी अण्णा वामकुक्षी घेत असताना काकूंनी एकेक वस्तू मार्गाला लावली. स्वयंपाकघरातली मांडणी, जादा पाट, टीव्हीची ट्रॉली, कापड नसलेली आरामखुर्ची. शोकेस कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला गेली. न नेण्यासारखं त्यात काय काय आहे, हे त्याने आधी सविस्तर सांगितलं आणि मग नेली. तिच्या काचा काढून तो आता तिच्यात लोकांच्या घड्या ठेवतो. अण्णांना पत्ता लागला तो रस्त्यावरून जाताना. ते थांबले, शोकेसकडे पाहिलं, इस्त्रीवाल्याकडे पाहिलं. आता भडका उडणार असं मला वाटलं. ते म्हणाले, “उन्हाच्या बाजूला ठेवू नकोस. लाकूड तडकेल.” तेव्हापासून ते रोज तिथे पाच मिनिटं उभे राहतात. इस्त्रीवाला त्यांना स्टूल देतो. ते स्टूलही अण्णांचंच, पण हे त्यांना अजून ओळखू आलेलं नाही.

आता सगळे आपापल्या भाड्याच्या घरात गेले आहेत. गोदरेजच्या लोखंडी कपाटाबद्दल वादच नव्हता. ते चौघांनी उचललं, मोजून दोन शिव्या दिल्या आणि टेम्पोत घातलं. डबलबेड सुताराने करवतीने चार तुकड्यांत कापला. त्याची मजुरी अण्णांनी दिली आणि काम होईपर्यंत ते खाली फाटकाशी जाऊन उभे राहिले. वेताच्या खुर्च्या आणि टीपॉय जिथून आले होते तिथे काकूंनी परत नेऊन ठेवले. पानशेतचं कपाट भाड्याच्या घराच्या पॅसेजमध्ये आहे. त्यामुळे बाथरूमचं दार पूर्ण उघडत नाही, आणि घरमालकांनी त्याबद्दल विचारल्यावर अण्णांनी त्यांना रेघ दाखवली आहे. माझ्याकडे सोफा आहे. तीन अधिक एक अधिक एक.

उरलं आहे ते कॉम्प्युटर टेबल. २००१ साली मुलाच्या इंजिनीअरिंगसाठी घेतलेलं. की-बोर्डचा खण अजून सरकतो, मागे वायरीसाठी गोल भोक आहे, वर प्रिंटरची फळी, खाली सीपीयूची जागा. ज्याच्याकडे कॉम्प्युटर असेल त्यालाच ते द्यायचं, ही अट अण्णांनी गेल्या आठवड्यात मागे घेतली. वाचकांपैकी कोणाला हवं असल्यास जरूर कळवा, पत्ता देतो. बघायला आलात तर काकूंपाशी दोन-चार नावं अवश्य ठेवा, म्हणजे तुम्ही खरंच न्यायला आला आहात हे त्यांना कळेल. अण्णांसमोर फक्त ‘असं आता मिळत नाही’ म्हणा. टेम्पो तेवढा दुपारी दोननंतर आणा.