आटोपशीर यंत्र, ऐसपैस फडताळ

नाशिकच्या भांडी बाजारात स्वस्त आणि आटोपशीर फूड प्रोसेसर मागितला, की दुकानदार खोके उघडतो. यंत्र खरोखरच लहान निघते. मग बाहेर येतात कणीक मळायचे पाते, किसण्या, चकत्यांच्या तबकड्या, रसाची गाळणी. या गोतावळ्याला वेगळे फडताळ लागते. त्याची किंमत खोक्यावर छापलेली नसते.

घरच्या मिसळीला लागतात दोन-चार कांदे. ते विळीवर चिरून होतात, तोवर प्रोसेसरचे झाकण खाचेत बसलेले नसते. आणि ते नीट बसल्याशिवाय मोटर हलत नाही. सुरक्षेसाठी!

धुणे वेगळेच.

परदेशी यंत्रांचा इतिहासही बोलका आहे. अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या पत्नीचा ब्राउन कंपनीचा मिक्सर बिघडला, दुरुस्तीची सोय भारतात नव्हती. त्यातूनच साठच्या दशकात ‘सुमीत’ मिक्सर जन्माला आला. ओले खोबरे, भिजवलेली डाळ, हळकुंड वाटायला-दळायला दणकट मोटर हवी, हे त्यांनी ओळखले.

तेव्हा तबकड्या मोजण्याआधी वॅट पाहावेत. मोटर दुबळी असेल, तर घट्ट कणकेने ती तापते, ओव्हरलोड स्विच पडतो आणि पोळ्या हातानेच मळलेल्या कणकेच्या होतात. शिवाय नवे पाते आणि भांडे नाशिकमध्येच मिळते का, हे पैसे देण्यापूर्वी विचारा.