मला वाटलं म्हणून

आमच्या डोंबिवलीत संध्याकाळी सातच्या सुमारास फडके रोडवर कुणालाही गाठा आणि विचारा, "काय, इकडे कुठे?" "उगीच," असं उत्तर सहसा मिळायचं नाही. कुणाला दळण आणायचं असतं, कुणाला चष्म्याची काडी बसवून घ्यायची असते, कुणी गणपतीच्या देवळात निघालेलं असतं, आणि यातलं काहीच नसेल तर निदान डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं असतं. खरं म्हणजे तो गृहस्थ घरात कंटाळलेला असतो. त्याला गर्दी बघायची असते, जमलं तर कोपऱ्यावर उभं राहून गरम भजी खायची असतात. पण हे कारण म्हणून चालत नाही. "मला वाटलं म्हणून" हे उत्तर आमच्याकडे फक्त पाच वर्षांखालच्या मुलांना आणि ऐंशीच्या पुढच्या माणसांना माफ आहे. मधल्या सगळ्यांनी कारण दाखवायचं.

आयुष्यात मनासारखं वागताच आलं नाही, अशी तक्रार मी पुष्कळांच्या तोंडून ऐकते. मला ती फारशी पटत नाही. आपण चांगले मनासारखं वागतो. फक्त मनाच्या अर्जावर दुसऱ्या कुणाची तरी शिफारस लागते. आंब्याची पेटी घरात येते ती मुलांसाठी, मग मुलं परगावी का असेनात. माथेरानला जायचं ते हवापालट म्हणून. नवा सोफा आणायचा तो पाहुण्यांसाठी. आमच्या शेजारच्या काकांनी साठी उलटल्यावर हार्मोनियम आणली ती नातीला शिकता यावी म्हणून. नात तेव्हा पाळण्यात होती. रोज दुपारी काका भाता सोडून "सा" धरून बसत. पेटी वापरात नसली की खराब होते, असं त्यावर त्यांचं म्हणणं होतं.

याचं मूळ थोडं आमच्या वळणातही असावं. लहानपणी दिवेलागणीला मनाचे श्लोक म्हणायला बसवत. समर्थांचे २०५ श्लोक. त्यांत मनाने काय करावं, काय टाकावं, कुणाच्या संगतीत बसावं, सगळं आलं. समर्थांबद्दल माझी तक्रार नाही. पाठांतरामुळे जीभ वळली आणि वेळप्रसंगी मनही थोडंफार आवरलं. पण मन बिचारं २०५ श्लोक मुकाट ऐकून घेतं. त्याचंही काही म्हणणं असेल, ते एकदा विचारून घ्यावं, हे कुणी शिकवलं नाही. "ऐकावे जनाचे, करावे मनाचे" ही म्हण आहे खरी. पण तिचा पहिला अर्धा भाग आम्ही इतक्या मन लावून पार पाडतो की दुसऱ्याला वेळच उरत नाही.

शिफारशीच्या बाबतीत माझ्या आत्याचा हात कुणी धरला नसता. ती कुडाळजवळच्या एका खेड्यात एकटी राहायची. तिची शिफारस थेट ग्रामदेवतेकडून यायची. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात किंवा प्रसाद लावतात, हे तिकडच्यांना सांगायला नको. देवाच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या, कुठे कळे, कुठे तांदूळ, दोन्ही अंगांना चिकटवायचे, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवाची परवानगी, डावीकडची पडली तर नकार. आत्या विहिरीचा पंप बसवण्यापासून म्हैस विकण्यापर्यंत सगळं विचारून करायची.

तिच्या मुलाने बोरिवलीत जागा घेतली आणि आईने आता मुंबईत येऊन राहावं म्हणून धोशा लावला. आत्या म्हणाली, "देवाक इचारतंय." मी त्या वेळी सुट्टीत तिथे होते, म्हणून देवळात मीही गेले. गुरवाने मूर्ती पुसून पाकळ्या लावल्या आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं. बाकीचे दोघं-चौघं वाक्यावाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणत होते. मग सगळे गप्प. समईची वात फडफडली तरी माना वर व्हायच्या. बऱ्याच वेळाने उजवी पाकळी सुटली. देवाने सांगितलं, जा.

मी आत्याकडे पाहिलं. दुकान बंद होताना पोहोचलेल्या माणसाचा होतो तसा तिचा चेहरा झाला होता. ती हात जोडून उभी होती आणि डोळे त्या पडलेल्या पाकळीवर असे खिळले होते, जणू ती परत चिकटवता आली तर बघावं. गुरवाचं लक्ष देवापेक्षा तिच्याकडेच अधिक होतं. त्याने घसा खाकरला आणि म्हणाला, "वयनी, जावचा ता देवान सांगल्यान. पण कधी जावचा, ता खय इचारलास?"

आत्याच्या तोंडावर एकदम उजेड आला. पुन्हा पाकळ्या लागल्या. पावसाआधी जायचं का? देव म्हणाला, नको. पाऊस झाल्यावर चतुर्थी आली, चतुर्थीनंतर भातकापणी, मग जत्रा, मग शिमगा. दर खेपेला नव्याने कौल लागायचा आणि दर खेपेला प्रश्न गुरवच घालून द्यायचा. आत्या शेवटपर्यंत गावातच राहिली, आणि तीही देवाची आज्ञा पाळून. मुलालाही बोलायला जागा राहिली नाही. तो गुरव फार शिकलेला नव्हता, पण कौल पाकळीच्या कितीतरी आधी माणसाच्या तोंडावर पडतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

बायकांना तर गाण्यासाठीसुद्धा निमित्त लागायचं. "गात बसले होते," असं सांगायची सोय कुठल्या सुनेला होती? पण पहाटे जात्यावर बसलं की वाटेल ते गाता यायचं. माहेर, सासू, विठोबा, न आलेला भाऊ, सगळं पिठाबरोबर बाहेर पडायचं आणि सासूला वाटायचं, सून दळतेय. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. माझ्या हिशेबी ती एक लाखाहून अधिक निमित्तं आहेत. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतातली आणि घरातली कामं करता करता त्या गाणी रचत. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी ती टिपून ठेवली, आचार्य अत्र्यांनी ती छापली जावीत म्हणून जोर लावला आणि १९५२ साली पुस्तक निघालं. बहिणाबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या. त्यांनी मनासारखं जगण्यासाठी काही सोडलं नाही, कुठे निघून गेल्या नाहीत. हातातलं काम चालू ठेवून त्या मनाचं करत राहिल्या. पुढे गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या, बायकांच्या हातांचे कष्ट वाचले ही फार चांगली गोष्ट झाली. पण गिरणीच्या रांगेत डबा घेऊन उभी असलेली बाई गायला कशी लागणार?

आता निमित्तं वेगळी आहेत. माझी मावसबहीण मुलाच्या लग्नासाठी साडी घ्यायला दादरला गेली, तेव्हा तिच्यासोबत तिची जाऊ, होणारी विहीण आणि मी, अशी आम्ही मंडळी होतो. पांढऱ्या गादीवर बसलो. विक्रेता वयस्क होता, डोक्याला केस कमी, पण साडी झटकून उलगडायची त्याची एक लकब होती. घडी हवेतच सुटायची आणि पदर नेमका समोर येऊन पडायचा. सुरुवातीलाच त्याने एक वांगी रंगाची इरकल टाकली. लाल काठ, टोपतेनीचा पदर. बहिणीने ती नुसती चिमटीत धरून पाहिली. मग शालू आले, पैठण्या आल्या, कांजीवरम आल्या, गादीवर डोंगर झाला. ती सगळ्यांना "छान आहे" म्हणत होती, आणि हात मात्र दर वेळी त्या ढिगाखाली जाऊन वांगी काठ चाचपून येत होता. जाऊ म्हणाली, "इरकल काय नेसायची? वरमाय आहेस तू." विहीणबाई हसल्या. शेवटी मोरपंखी पैठणी ठरली. सगळ्यांना आवडली होती, म्हणजे कुणीच नाक मुरडलं नव्हतं.

बिलाच्या खिडकीपाशी पोहोचलो तर तो विक्रेता मागून आला. "ताई, ती वांगी बाजूला काढून ठेवलीय." बहीण "नको हो, नको," म्हणाली आणि जागची हलली नाही. तेवढ्यात तिची नजर भिंतीवरच्या पाटीकडे गेली: दोन साड्यांवर दहा टक्के सूट. संपलं. पुढे वर्षभर त्या इरकलीची ओळख ती "सूट होती म्हणून घेतली" अशीच करून द्यायची. पैठणी लग्नानंतर कपाटात गेली. इरकल नेसून नेसून मऊ झाली आहे.

मनाचं ऐका, असा उपदेश करणारी मंडळी हल्ली बरीच आहेत. त्यांच्या गोष्टींत माणूस एके दिवशी गलेलठ्ठ पगाराच्या नोकरीचा राजीनामा देतो आणि हिमाचलात सफरचंदं लावतो. लावो बापडा. माझा अनुभव असा, की मन इतकं मोठं काही मागतच नाही. ते फार चिल्लर मागतं. आज पोळ्या नकोत, भात टाकू. या बसने न जाता पुढच्या बसने जाऊ, खिडकी मिळेल. अमक्यांच्या घरच्या बारशाला नको जायला. आणि नेमक्या या चिल्लर मागण्या नाकारल्या जातात. हिमाचलात जायला घरचे एक वेळ परवानगी देतील, पण बारशाला का आली नाहीस याचं उत्तर द्यावंच लागतं. मग गुडघे कामाला येतात. माझे गुडघे तसे बरे आहेत, पण नातेवाइकांत त्यांची प्रकृती फार नाजूक समजली जाते. पुष्कळ बारशी, दोन-तीन वास्तुशांती आणि एक अख्खं कौटुंबिक संमेलन त्यांनी स्वतःवर घेतलं आहे.

आता यात एक गोम आहे, ती सांगितली पाहिजे. मनाचा आवाज आणि आळसाचा आवाज फोनवर ओळखू येत नाहीत इतके सारखे आहेत. सकाळी पाच वाजता गजर होतो तेव्हा "झोप, आज नको," असं कोण म्हणतं? मन नक्कीच नाही. त्या वेळी ते उठलेलंही नसतं. जिभेचंही तसंच. डॉक्टरांनी गोड बंद केलेल्या माणसाला जिलबीच्या दुकानापुढे जे वाटतं, त्याला मनाची हाक म्हणणं म्हणजे मनाच्या नावावर उधारी करणं. मी एक ढोबळ आडाखा बांधला आहे. जीभ आणि आळस घाईवर येतात, आत्ताच्या आत्ता हवं म्हणतात आणि तासाभराने विसरतात. मन तसं नाही. ते एकदा हळूच सांगतं, तुम्ही लक्ष देत नाही, ते गप्प बसतं आणि पुढच्या महिन्यात भाजी निवडताना पुन्हा तेच सांगतं. आडाखा दर वेळी बरोबर येतो असं नाही. जिलबीची आठवण काही लोकांना महिनोन्महिने राहते.

आमच्या घरी हे सगळं तांदळावरून लक्षात आलं. नवरा निवृत्त झाल्यापासून अधूनमधून दुपारच्या लोकलने कर्जतला जायला लागला. कर्जतकडचा तांदूळ चांगला असतो आणि तिथे स्वस्त पडतो, असं त्याने सांगितलं. तांदूळ खरोखरच चांगला होता. पण दोघांच्या घरात तांदूळ लागतो किती? डबे भरले, पिंप भरलं, दिवाणाखाली पिशव्या गेल्या. मी शेजारी वाटला, कामाच्या बाईंना दिला, तरी पुढची खेप हजर. शेवटी एकदा त्याच्या शर्टाच्या खिशात प्लॅटफॉर्मवरच्या वड्याचा तेलकट कागद सापडला. मग हळूहळू गोष्ट बाहेर आली. हा बाबा कर्जतला इंजिनं बघायला जात होता.

कर्जतच्या पुढे बोरघाट लागतो. १८६३ साली या घाटातून रेल्वे सुरू झाली. चढ असा, की सदतीस फूट पुढे गेलं की गाडी एक फूट वर जाते. पुढच्या एकट्या इंजिनाला तो झेपत नाही, म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून आणखी इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. ती मागून रेटा देत लोणावळ्याच्या बाजूला गाडी चढवतात आणि सुटी होऊन परततात. या जोडाजोडीसाठी गाडी थांबायची, म्हणून तर कर्जतचा बटाटेवडा गाजला. लहानपणी आईबरोबर पुण्याला जाताना नवऱ्याला वड्यासाठी खिडकीत बसवत आणि त्याची मान मात्र उलट दिशेला, इंजिन येताना दिसतंय का म्हणून. इंजिन टेकतं तेव्हा अख्ख्या गाडीला एक हलका धक्का बसतो, तो त्याला परत अनुभवायचा होता. गाडीत बसून नाही, बाहेर उभं राहून, नीट.

एवढं सांगायला त्याला तांदळाची पोती लागली.

मध्यंतरी प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभा असताना रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याने त्याला हटकलं. "काका, कुणाला न्यायला आलात? बराच वेळ बघतोय." नवऱ्याने सवयीने पिशवी पुढे केली, पण तांदूळ अजून घ्यायचा होता, पिशवी रिकामी. मग म्हणाला, "कुणाला नाही. इंजिन लागताना बघायला आवडतं मला." त्या माणसाने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "मग इथे काय दिसणार? त्या खांबापाशी उभे राहा. रुळाच्या जवळ जाऊ नका." नवरा खांबापाशी गेला. तिथून सगळं स्वच्छ दिसलं म्हणे. घरी येऊन त्याने ही हकिकत मला दोनदा सांगितली, आणि पिशवी रिकामीच परत आणली.

परवा मला म्हणाला, "चल ना तूही." गुडघे जिभेच्या टोकावर आले होते. मी त्यांना मागे सारलं आणि म्हटलं, "नको. मला इंजिनं बघायला आवडत नाहीत."

"मग काय करशील?"

"काही नाही. पडून राहीन."

त्याला ते पचायला जरा वेळ लागला. चपला घालून दारापर्यंत गेला, परत वळला. "वडे आणू?"

"चार आण," मी म्हटलं. "आणि तांदूळ आणलास तर दार उघडणार नाही."