नाव चर्चेत आहे!

परवा न्हावऱ्याच्या पुढे, चौफुला रस्त्यालगतच्या एका मळ्यात भाऊंची आखाड पार्टी झाली. निमंत्रणात 'स्नेहभोजन' होतं, पण त्यात किती बोकडांचा स्नेह होता ते विचारू नये. भाऊंचं नाव सांगत नाही, कारण ते सध्या चर्चेत आहे. आणि शिरूर-दौंडात चर्चेत नसलेलं नाव शोधायचं तर जनगणनाच घ्यावी लागेल.

कसल्या पदासाठी चर्चेत? यावर पंगतीत एकमत नव्हतं. शिरूरची मंडळी म्हणत होती महामंडळ, दौंडची म्हणत होती विधान परिषद. मध्ये भीमा वाहते, त्यात शिरूर हा स्वतःच लोकसभा मतदारसंघ आणि दौंड जोडलेला बारामतीला. त्यामुळे दोन तालुक्यांचे 'वरचे' वेगळे आणि खात्रीच्या बातम्याही वेगळ्या. रस्सा तेवढा एक होता.

"भाऊ, फिक्स ना?"

"वरून शब्द आहे," भाऊ म्हणाले आणि नळी फोडू लागले.

शब्दाचं वजन आमच्या भागाला ठाऊक आहे. 2024च्या लोकसभेआधी शिवाजीराव आढळराव पाटलांना पुणे म्हाडाचं अध्यक्षपद मिळालं, तेव्हा पारावरच्या जाणकारांनी त्यांचं तिकीट कापलंच. नंतर तिकीटही मिळालं, फक्त पक्ष बदलावा लागला. आणि खासदारकी अमोल कोल्हेंकडेच राहिली. पलीकडे दौंडमध्ये राहुल कुल त्याच वर्षी सलग तिसऱ्यांदा आमदार झाले, तेव्हा आता लाल दिवा येणार म्हणून बोललं जाऊ लागलं. 15 डिसेंबरला नागपुरात मंत्र्यांचा शपथविधी झाला, त्यात त्यांचं नाव नव्हतं. 288 आमदारांच्या सभागृहात मुख्यमंत्र्यांसह 43च्या वर मंत्री करता येत नाहीत, हे घटनेचं गणित. चर्चेला मात्र घटनेनं अशी मर्यादा घातलेली नाही. बाकी लाल दिवा 2017 सालीच गाड्यांवरून उतरला, पण आमच्याकडे अजून स्वप्नात लागतो.

विधान परिषदेचं तर विचारूच नका. राज्यपालनियुक्त बारा जागांची यादी नोव्हेंबर 2020 मध्ये राजभवनात गेली आणि मुरत पडली. पुढे सरकार बदललं, यादी मागे घेतली गेली. अखेर ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभेची आचारसंहिता लागण्याच्या अगदी तोंडावर, सात जणांना शपथ मिळाली आणि पाच जागा तशाच राहिल्या. या सगळ्या काळात बारा जागांपायी राज्यभरात किती बोकडं पडली, याची नोंद पशुसंवर्धन खात्याकडेही नसावी.

तरी भाऊंचं मी कौतुकच करीन. पद मिळो न मिळो, चर्चेचे लाभ सुरू झालेले आहेत. लग्नात त्यांची खुर्ची उचलून सोफ्याजवळ आली. तहसील कचेरीत चहा मिळू लागला. आणि सगळ्यात मोठी बढती म्हणजे दशक्रियेला श्रद्धांजलीच्या भाषणात त्यांचा नंबर, पिंडाला कावळा शिवायच्याही आधी, पहिल्या पाचात लागू लागला. पद मिळालं तर लोक कामं घेऊन येतील. चर्चेतल्या माणसाकडे लोक फक्त जेवायला येतात, आणि जेवणाची सोय करणं भाऊंना जमतं.

जेवण रंगात आलं असताना फोन वाजला. भाऊंनी डाव्या हातानं उचलला, "हो साहेब, होय साहेब" म्हटलं. पंगत गप्प. माळकऱ्यांच्या वेगळ्या पंक्तीतले दोघं तर पिठल्याची वाटी घेऊन उठून आले. फोन ठेवून भाऊ म्हणाले, "पुढच्या सभेला चार गाड्या माणसं पाठवायला सांगितलीत."

"म्हणजे झालंच की!" दौंडकर म्हणाले. शिरूरकरांनी टाळ्या वाजवल्या. एकानं तर तिथल्या तिथं अभिनंदनाचा फ्लेक्स सांगून टाकला. पदाची जागा तेवढी मोकळी ठेवायला लावली.

निघताना भाऊंनी मला बाजूला घेतलं. "दोन ओळी येऊ द्या पेपरात. नाव चर्चेत असल्याचं समजतं, अशा."

"कुणाकडून समजतं? विश्वसनीय सूत्र कोण?"

"मीच की," भाऊ म्हणाले. "आणि फोटो गॉगलवाला घ्या. मागच्या वेळी टोपीतला छापलात, तर लोकांना वाटलं गेलोच."